पाकीट फोडण्याआधी डाव शिकावा : पोकेमॉन कार्डांच्या खेळाची सुरुवात

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या गल्लीतील मुले संध्याकाळी पायऱ्यांवर बसतात, तेव्हा त्यांच्या हातात हल्ली पोकेमॉनची कार्डे असतात. कोणते कार्ड दुर्मीळ आहे, कोणते चमकते आणि कोणत्या पोकेमॉनच्या एचपीचा (किती नुकसान झाल्यावर तो बाद होतो त्याचा) आकडा मोठा आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. या कार्डांनी खेळायचे कसे, असे विचारले की मात्र बहुतेक जण दोन कार्डे समोरासमोर ठेवतात आणि ज्याचा आकडा मोठा तो जिंकला, असे सांगतात. हे पाहून मला मनापासून हळहळ वाटते, कारण त्यांच्या खिशात असलेला खेळ बुद्धिबळाइतका विचार करायला लावणारा आहे आणि तो शिकायला दोन रविवार पुरतात. ज्याला हा खेळ पहिल्यापासून शिकायचा आहे, तो मुलगा असो वा त्याचे आईवडील, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. माझे मुख्य सांगणे क्रमाविषयी आहे. आधी तयार डेक, म्हणजे खेळण्यासाठी बांधलेला कार्डांचा संच, घेऊन डाव शिकावा, मग लागतील तेवढीच कार्डे सुटी घ्यावीत आणि पाकिटे फोडण्याची हौस सर्वांत शेवटी करावी.

पत्त्यांच्या खेळात आपण जो कॅट वापरतो, तो सर्वांचा सारखाच असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेतही दहा अवतारांची प्रत्येकी १२ अशी १२० पाने ठरलेली असतात. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ आणला आणि ही चौकट बदलली, कारण त्यात प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेल्या पानांचा डेक घेऊन बसतो. पोकेमॉनचा कार्डखेळ त्याच घराण्यातला आहे. तो ऑक्टोबर १९९६ मध्ये जपानमध्ये आला आणि १९९९ मध्ये इंग्रजीत उपलब्ध झाला. डेक निवडण्याचे हे स्वातंत्र्य हाच या खेळाचा गाभा असल्यामुळे नवख्याने त्याकडे घाईने जाऊ नये, असे मला वाटते. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी कोणी ढाक शिकवत नाही; आधी जोर, बैठका आणि माती अंगवळणी पडावी लागते.

पहिली खरेदी

सुरुवातीला ६० कार्डांचे दोन तयार डेक घ्यावेत आणि ते वेगवेगळे असावेत, म्हणजे घरातले दोघे लगेच समोरासमोर बसू शकतात. ‘एक्स बॅटल डेक’ या नावाने मिळणारे डेक यासाठी चांगले आहेत. ‘बॅटल ॲकॅडमी’ ही पेटी मिळाली तर अधिकच उत्तम, कारण तिच्यात ३ डेक, मांडणीचा पट आणि पहिला डाव पावलापावलाने शिकवणारी पुस्तिका असते. सुटी पाकिटे घेऊन त्यांतून डेक उभा राहील, ही अपेक्षा चुकीची आहे. पाकिटात कोणती कार्डे निघतील हे माहीत नसते, आणि एखादा मोठा चारिझार्ड निघाला तरी त्याच्याखालचे चारमँडर नसेल, तर तो खेळात उतरूच शकत नाही.

बनावट कार्डांविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण मुलांचे पैसे सर्वांत जास्त तिथेच वाया जातात. सोनेरी प्लास्टिकची पन्नास-पन्नास कार्डांची स्वस्त पेटी दिसली, तर ती बनावट आहे असे निःशंक समजावे. इतर कार्डांची पारख थोडी सवयीने येते. खात्रीचे एक कार्ड शेजारी ठेवून मागच्या बाजूच्या निळ्या रंगाची छटा, अक्षरांचा ठसा आणि कागदाची जाडी ताडून पाहावी, आणि मग कार्ड मोबाइलच्या विजेरीसमोर धरावे. खऱ्या कार्डाच्या पोटात गडद थर असल्यामुळे त्यातून उजेड फारसा येत नाही. बनावट कार्डे बहुधा लख्ख उजळतात. एचपीचा आकडा हजारांच्या घरात असेल किंवा शब्दांचे स्पेलिंग चुकलेले असेल, तर पुढे तपासण्याची गरजच उरत नाही.

कार्ड वाचायला शिकणे

डेकमध्ये तीन जातींची कार्डे असतात : पोकेमॉन, ट्रेनर आणि एनर्जी. पोकेमॉन लढतात, एनर्जी त्यांना हल्ल्याचे बळ देते आणि ट्रेनर कार्डे कार्डे ओढणे, शोधणे, अदलाबदल करणे अशी बाकीची सर्व कामे करतात. पोकेमॉनच्या कार्डावर वरच्या बाजूला ‘बेसिक’, ‘स्टेज १’ किंवा ‘स्टेज २’ लिहिलेले असते. बेसिक थेट हातातून मांडता येतो. स्टेज १ त्याच्यावर आणि स्टेज २ स्टेज १ वर चढतो. चारमँडर, चारमेलियन आणि चारिझार्ड ही अशीच चढण आहे. हल्ल्याच्या नावापुढील चिन्हे त्या हल्ल्यासाठी किती आणि कोणती एनर्जी जोडलेली हवी हे सांगतात, तर खालच्या ओळीत वीकनेस, रेझिस्टन्स आणि मागे घेण्याचा खर्च असतो. तळाचे वर्तुळ म्हणजे सर्रास मिळणारे कार्ड, चौकट म्हणजे त्याहून कमी मिळणारे आणि तारा म्हणजे दुर्मीळ. क्रमांक १९७ पैकी २०५ असा दिसला, तर ती छपाईतील चूक समजू नये, कारण ठरलेल्या संख्येपलीकडची ती खास दुर्मीळ कार्डे असतात.

मराठी माध्यमातील मुलांना खरी अडचण येते ती कार्डावरील इंग्रजीची, आणि मोठी माणसे ती फार हलक्यात घेतात. या मजकुरातील शब्दसंख्या थोडी आहे आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. एका वहीत त्यांचे अर्थ लिहून घेतले की आठवडाभरात कार्ड आपोआप वाचता येऊ लागते. ‘डिस्कार्ड’ म्हणजे टाकलेल्या पानांच्या ढिगात ठेवणे, ‘शफल’ म्हणजे पिसणे, ‘अटॅच’ म्हणजे पोकेमॉनला जोडणे आणि ‘सर्च युवर डेक’ म्हणजे डेक उघडून हवे ते कार्ड शोधणे; शोधल्यानंतर डेक पिसावाच लागतो. खरी मेख छोट्या शब्दांत आहे. ‘मे’ असेल तर ती कृती करणे आपल्या इच्छेवर असते, तो शब्द नसेल तर ती करावीच लागते. ‘अप टू ३’ असे असेल तर एकही न घेण्यापासून तीन घेण्यापर्यंत मोकळीक असते, पण नुसते ‘३’ असेल तर शक्य तितकी पूर्ण करावी लागतात. ‘इच’ म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी मोजणी. ‘इफ यू डू’ या शब्दांनंतरचा परिणाम तेव्हाच मिळतो, जेव्हा आधीची कृती खरोखर घडलेली असते. माझ्या पाहण्यातील निम्मी भांडणे या चार शब्दांवरून झालेली आहेत. आणखी एक गोष्ट वहीच्या पहिल्याच पानावर लिहावी : कार्डावरील मजकूर आणि सर्वसाधारण नियम यांत विरोध आला, तर कार्डाचे म्हणणे चालते.

मांडणी आणि पाळी

दोघांनी आपापले डेक पिसावेत, एकमेकांना कापायला द्यावेत आणि नाणे उडवावे. जो जिंकेल तो पहिली पाळी कोणाची हे ठरवतो. मग प्रत्येकाने ७ कार्डे घ्यावीत. त्यांत निदान एक बेसिक पोकेमॉन असावाच लागतो. नसेल तर हात समोरच्याला दाखवून, पुन्हा पिसून ७ कार्डे घ्यावी लागतात आणि अशा प्रत्येक वेळेसाठी प्रतिस्पर्ध्याला एक जादा कार्ड घेण्याचा हक्क मिळतो. एक बेसिक पालथा ठेवून तो ॲक्टिव्ह करावा, म्हणजे तो आखाड्यात उतरलेला पोकेमॉन. त्याच्या मागे बेंचवर पाचपर्यंत पोकेमॉन ठेवता येतात. यानंतर डेकच्या वरची ६ कार्डे न पाहता बाजूला पालथी ठेवायची. ही प्राइझ कार्डे. नवख्यांचा येथे एक ठरलेला गोंधळ होतो, तो आधीच मिटवतो : समोरच्याचा पोकेमॉन आपण बाद केला की आपण आपल्याच प्राइझमधून कार्ड उचलून हातात घ्यायचे असते, त्याच्या प्राइझला हात लावायचा नसतो.

प्रत्येक पाळीची सुरुवात एक कार्ड ओढून होते. त्यानंतर काही कृती कितीही वेळा करता येतात आणि काही एकदाच, आणि हा फरक पक्का झाला की अर्धा खेळ आला असे समजावे. बेंचवर जागा असेपर्यंत बेसिक मांडणे, आयटम कार्डे (आयटम, सपोर्टर आणि स्टेडियम हे ट्रेनर कार्डांचेच प्रकार) खेळणे आणि पोकेमॉनला पुढच्या पायरीवर नेणे यांना मर्यादा नाही. मात्र जो पोकेमॉन याच पाळीत आला आहे त्याला याच पाळीत चढवता येत नाही, आणि दोघांनाही आपापल्या पहिल्या पाळीत चढण करता येत नाही. हातातून एनर्जी जोडणे पाळीत एकदाच. सपोर्टर कार्ड एकदाच. स्टेडियम एकदाच. ॲक्टिव्ह पोकेमॉनला त्याच्या खर्चाइतकी एनर्जी टाकून मागे घेणेही एकदाच. हल्ला सर्वांत शेवटी येतो, कारण हल्ला केला की पाळी संपते. जो खेळाडू डावात पहिला असतो त्याला आपल्या पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही. पहिली पाळी मिळण्याचा फायदा मोठा असल्यामुळे हे बंधन मला न्याय्य वाटते.

हल्ल्याचे नुकसान दहा-दहाच्या मापाने मोजतात. खास खुणा नसतील तर घरातील चिंचोके किंवा शर्टाची बटणे चालतात. समोरच्याच्या वीकनेसमध्ये आपल्या पोकेमॉनचा प्रकार (वीज, पाणी, आग असा) असेल तर नुकसान दुप्पट होते, रेझिस्टन्समध्ये असेल तर ३० ने कमी होते. पिकाचूचा ३० चा हल्ला विजेच्या वीकनेसचे चिन्ह असलेल्या स्क्वर्टलला ६० ने लागतो, आणि म्हणून एचपीचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. झोप, भाजणे, गोंधळ, लुळेपणा आणि विष या पाच अवस्थांचे नियम पुस्तिकेत असतात व ते प्रसंग येईल तसे पाहावेत. एवढे लक्षात ठेवावे की ॲक्टिव्ह पोकेमॉन बेंचवर गेला किंवा पुढच्या पायरीवर चढला, की त्याची अवस्था नाहीशी होते.

डाव जिंकण्याचे तीन मार्ग आहेत. आपली सहाही प्राइझ उचलणे हा पहिला. समोरच्याचा ॲक्टिव्ह बाद झाला आणि त्याच्या बेंचवर कोणीच उरला नाही, तर आपण जिंकतो, हा दुसरा. म्हणूनच एकटा पोकेमॉन मांडून पाळी सोडू नये. पाळीच्या सुरुवातीला ओढायला डेकमध्ये कार्ड नसेल तर तो खेळाडू हरतो, हा तिसरा.

येथे मोबाइलवर ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ खेळणाऱ्यांना वेगळे सांगावे लागते. त्यात डेक २० कार्डांचा, बेंच तिघांचा आणि विजय ३ गुणांचा असतो आणि एनर्जी डेकमध्ये नसून आपोआप मिळते. त्या सवयीने टेबलावर बसलेली मुले एनर्जीच ठेवत नाहीत. पूर्ण ६० कार्डांचा खेळ मोबाइलवर किंवा संगणकावर सरावायचा असेल, तर ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ हे मोफत ॲप घ्यावे. ते नियमाबाहेरची चाल करूच देत नाही, त्यामुळे शिकवायला कोणी नसलेल्याला त्याचा मोठा आधार होतो.

सहा प्राइझचा हिशेब

पहिले दहा-बारा डाव झाले की मुले मोठ्या एक्स पोकेमॉनच्या, म्हणजे नावापुढे ‘ex’ छापलेल्या पोकेमॉनच्या, प्रेमात पडतात. त्यांचे एचपी अधिक आणि हल्ले जबर असतात, पण असा पोकेमॉन बाद झाला की समोरचा एका झटक्यात २ प्राइझ उचलतो. साधा पोकेमॉन १ देतो आणि मेगा एक्स ३ देतो. तेव्हा तीन एक्स गमावणे म्हणजे डाव गमावणे आहे, आणि साधे पोकेमॉन असतील तर त्याच विजयासाठी समोरच्याला सहा वेळा बाद करावे लागते. या साध्या गणितावर सगळी रणनीती उभी आहे.

समजा, प्रतिस्पर्ध्याने आपले दोन एक्स बाद केले. त्याने ४ प्राइझ घेतली, २ उरली. आता आपण तिसरा एक्स पुढे केला तर एका हल्ल्यात डाव संपेल. त्याऐवजी एक साधा पोकेमॉन पुढे केला, तर तो बाद झाला तरी समोरच्याचे १ प्राइझ शिल्लक राहते आणि त्याला आणखी एक हल्ला करावा लागतो. आपल्याला एक पाळी जास्त मिळाली, आणि बरोबरीच्या डावात ही एकच पाळी निकाल फिरवते. कुस्तीत चितपट होण्याआधी कूस बदलून वेळ काढणारा पैलवान खासबागेत ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मात्र हा डाव समोरच्यालाही येतो. ‘बॉसेस ऑर्डर्स’ हे सपोर्टर कार्ड खेळून तो आपल्या बेंचवरचा जखमी एक्स ओढून पुढे आणू शकतो. म्हणून आधीच नुकसान झालेला एक्स बेंचवर सुरक्षित आहे असे कधीही धरू नये, आणि समोरच्याची अशी किती कार्डे खेळून झाली हे त्याच्या टाकलेल्या ढिगात पाहत राहावे. तो ढीग दोघांनाही उघडा असतो, तो पाहायला मागण्यात काहीही गैर नाही.

दर पाळीला हल्ल्याआधी क्षणभर थांबून तीन गोष्टी मनाशी मोजाव्यात : मला किती प्राइझ हवीत, त्याला किती हवीत, आणि पुढच्या पाळीत तो माझा कोणता पोकेमॉन बाद करू शकतो. माझ्या भाचीला मी पहिला महिनाभर हे मोठ्याने बोलायला लावले होते. तिचा खेळ त्या महिन्यात जितका सुधारला तितका नवी कार्डे घेऊन कधीच सुधारला नाही.

स्वतःचा डेक बांधताना

तयार डेकने वीसएक डाव झाल्यावर कोणते कार्ड हातात नुसते पडून राहते आणि कोणते आले की जीव भांड्यात पडतो, हे अनुभवाने कळते. बदल तिथून सुरू करावा, आणि एका वेळी चार-पाच कार्डांपेक्षा जास्त बदलू नयेत. नाहीतर काय सुधारले आणि काय बिघडले हे समजत नाही. मुख्य नियम एवढेच की डेक बरोबर ६० चा असावा आणि बेसिक एनर्जी सोडून एकाच नावाची ४ हून जास्त कार्डे नसावीत. प्रमाणाचा माझा अंदाज सांगायचा, तर पोकेमॉन १५ ते २०, एनर्जी ८ ते १२ आणि बाकी सगळी ट्रेनर कार्डे असावीत. मुलांना हे उलटे वाटते, कारण ट्रेनर कार्डांवर चित्तवेधक चित्रे नसतात. पण ‘नेस्ट बॉल’ आणि ‘अल्ट्रा बॉल’ यांसारखी शोधणारी कार्डे आणि ‘प्रोफेसर्स रिसर्च’सारखी, हातातील कार्डे टाकून नवी ७ देणारी कार्डे नसतील, तर सर्वांत बलवान पोकेमॉन डेकच्या तळाशी पडून राहतो.

यामागचे गणित दहावीच्या संभाव्यतेपेक्षा थोडेच पुढचे आहे. एखादे कार्ड डेकमध्ये एकच असेल, तर ते पहिल्या ७ कार्डांत येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. त्याच्या ४ प्रती ठेवल्या तर निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के होते. एकच प्रत ठेवलेले कार्ड प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता १० टक्के असते, म्हणजे दर दहा डावांत सरासरी एकदा ते हाताबाहेर राहणार. बेसिक पोकेमॉन केवळ ८ ठेवले तर पहिल्या हातात एकही न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते आणि १२ ठेवले तर ती १९ टक्क्यांवर येते. ज्या कार्डावाचून डेक चालत नाही ते चार, जे उपयोगी पण मागाहून लागते ते दोन किंवा तीन, आणि जे एखाद्याच प्रसंगी लागते ते एक, असा ढोबळ हिशेब ठेवावा.

यासाठी लागणारी कार्डे सुटी विकत घ्यावीत. खेळाला लागणारी साधी ट्रेनर कार्डे बहुधा पाकिटापेक्षा स्वस्त पडतात. महाग असतात ती चमकणारी रूपे, आणि डावात त्यांचे काम अगदी तेच असते. पुढे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर कार्डाच्या डाव्या तळाशी छापलेले लहान अक्षर पाहूनच खरेदी करावी, कारण ‘स्टँडर्ड’ प्रकारात कोणती अक्षरे चालतात हे ठरवून दिलेले असते आणि जुनी अक्षरे काळानुसार बाद होतात. घरच्या खेळाला ही अट नाही.

अदलाबदल आणि कार्डांची निगा

मुलांच्या अदलाबदलीत मोठ्यांनी ढवळाढवळ करू नये, पण एक पद्धत घालून द्यावी : दोघांनी कार्डे प्लास्टिकच्या आवरणातून काढून दोन्ही बाजू पाहाव्यात, किंमत मोठी वाटली तर घरी विचारून दुसऱ्या दिवशी सौदा करावा, आणि झालेला सौदा मागे घेऊ नये. लहान भावंडांकडून नेणतेपणी मौल्यवान कार्ड काढून घेणे मला फार लागते, आणि असे दिसले तेव्हा मी ते परत करायला लावले आहे.

आपल्याकडचा पावसाळा या कार्डांचा शत्रू आहे. चमकत्या कार्डांची एक बाजू धातूच्या पापुद्र्याची आणि दुसरी कागदाची असते. जुलैच्या दमट हवेत कागद ओल शोषून फुगतो, पापुद्रा फुगत नाही, आणि कार्ड धनुष्यासारखे वाकते. वाकलेले कार्ड पिसलेल्या डेकमध्येही ओळखू येते, त्यामुळे नकळत लबाडीचा आरोप येऊ शकतो. खेळाच्या सर्व ६० कार्डांना एकाच रंगाची आवरणे घालावीत. कार्डाचे माप ६३ बाय ८८ मिलिमीटर असते, त्याला बसणारी आवरणे मागून घ्यावीत. डबा घट्ट झाकणाचा असावा व त्यात बुटांच्या खोक्यात मिळते तशी ओल शोषणारी पुडी टाकावी. पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घराने २०१९ मध्ये पाहिले, त्यांनी संग्रह खालच्या कप्प्यात ठेवू नये.

डाव संपला की कार्डे आवरण्याआधी मोजावीत. प्राइझची कार्डे टेबलाच्या कडेला राहून जातात, ‘स्विच’सारखे एखादे कार्ड घाईत मित्राच्या ढिगात मिसळते, आणि पुढच्या रविवारी ५८ चा डेक घेऊन बसावे लागते. दोघांनी आपापली ६० कार्डे मोजावीत, ती भरली की डबा बंद करावा आणि मगच खुर्चीवरून उठावे.